ऐन पावसात रेनकोट संपलेले आणि जॅकेटं लटकलेली, दुकानं सीझनच्या एवढी पुढे का असतात?

मृगधारा

नमस्कार मंडळी. ऑगस्ट अर्धा झालाय, इकडे नाशिकला आठवडाभर पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये आणि मुलीच्या रेनकोटची चेन तुटली. वय वर्षं ८. मेन रोडपासून कॉलेज रोडपर्यंत दुकानं पालथी घातली. मिळताहेत ते एकतर मोठ्यांचे डबल एक्सेल नाहीतर ३-४ वर्षांच्या पिल्लांचे, मधलं माप कुठेच नाही. एका मोठ्या दुकानात तर पावसाळ्याचा कोपराच उचललेला, तिथे गणपतीचे कुर्ते आणि काचेत चक्क फुल बाह्यांची जॅकेटं. सेल्समन मुलगा म्हणाला, मॅडम रेनकोट मे महिन्यात घ्यायचा असतो.

अजून दीड महिना पाऊस आहे हे त्यालाही माहितीये, मलाही माहितीये, मग जेव्हा गरज आहे तेव्हा वस्तू नाही आणि गरज नाही तेव्हा ढिगाने, ही पद्धत कुणाच्या सोयीसाठी आहे? इथे कापडाच्या, रेडिमेडच्या धंद्यातले लोक आहेत म्हणून विचारतेय. मला खरंच समजून घ्यायचंय.

पेठकर

अगदी मनातलं. मला तर वाटतं हे मुद्दाम करतात. माल थोडा कमी ठेवायचा, आधी लावायचा, की लोक घाबरून मेमध्येच पूर्ण किमतीला घेतात. आणि सप्टेंबरात उरलेलं ५० टक्के सेलमध्ये काढायचं. दोन्हीकडून फायदा त्यांचाच.

निशिगंध७

+१. पुण्यात लक्ष्मी रोडलाही हेच, जुलै संपला की रेनकोट मागितला तर आतून शोधून आणतात.

कापडवाला_सांगलीचा

मृगधारा ताई, तुमचा वैताग रास्त आहे, आमच्या काउंटरवर रोज ऐकतो. आमचं तालुक्याच्या गावाला रेडिमेडचं दुकान, वडिलांपासूनचं. सविस्तर लिहितो, लांबेल.

रेनकोटचं बुकिंग आम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये करतो, बाहेर ऊन तापायला लागलेलं असतं तेव्हा. एजंट सॅम्पलची बॅग घेऊन येतो, रंग बघायचे, शिवणीवरची टेप ओढून बघायची, नंबर टाकायचे, ॲडव्हान्स द्यायचा. माल एप्रिलअखेर गोडाऊनला येतो आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात दर्शनी भागात लावतो. आता कुणी विचारेल की पाऊस जूनमध्ये, मग मेमध्ये कशाला? तर पाऊस कधी येणार हे आम्हाला कोण सांगणार. २०२३ मध्ये मुंबईत मान्सून आला २५ जूनला, त्याच दिवशी दिल्लीतही पोचला. आणि २०२५ मध्ये मुंबईत आला २६ मेला. दोन वर्षांत महिन्याचा फरक. २६ मेच्या सकाळी ज्याच्या दुकानात माल नव्हता त्याचं गिऱ्हाईक शेजारी गेलं आणि ते त्या वर्षी परत येत नाही, कारण रेनकोट माणूस वर्षात एकच घेतो. म्हणून सगळ्यात लवकरची जी तारीख असू शकते तिच्याही आधी माल लागलेला हवा. उशीर झाला तर माझं व्याज जातं, पण लवकर आला आणि माल नसला तर अख्खा सीझन जातो. दुकानदार व्याज सोसणं पसंत करतो.

खरी विक्री होते ती पहिल्या वळवाच्या सरीपासून शाळा सुरू होऊन आठवडा-दोन आठवडे होईपर्यंत. त्या दिवसांत जेवायला बसायला वेळ नसतो. त्यानंतर येतं ते तुटलं, हरवलं, बसमध्ये राहिलं म्हणून येणारं गिऱ्हाईक.

आणि माप का नसतं ते सांगतो. माल सुटा मिळत नाही, सेटमध्ये येतो. मोठ्यांचा सेट समजा एस एम एल एक्सेल, त्यात एक-दोन-दोन-एक असे नग. मुलांच्या सेटमध्ये प्रत्येक मापाचा एकेक नाहीतर दोन. शाळेत जाणारी पोरं कुठली, ६ ते १२ वर्षांची जास्त, त्यामुळे मधली मापं पहिल्या पंधरा दिवसांत संपतात आणि दोन्ही टोकं उरतात. त्याला आम्ही कट साइज म्हणतो. दुकानात माल दिसतो पण विकण्यासारखा नसतो. तुम्ही नाशिकला जे पाहिलंत ते हेच.

मृगधारा

कापडवाले दादा, मनापासून धन्यवाद, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. पण मग एक प्रश्न राहतोच. मधली मापं संपतात हे तुम्हाला दर वर्षी माहिती असतं, तर जुलैमध्ये तेवढीच परत मागवता येत नाहीत का?

कापडवाला_सांगलीचा

मागवतो ना, ३० जूनपर्यंत जे होलसेलरकडे शिल्लक असेल ते मिळतं. मुंबईला अब्दुल रेहमान स्ट्रीटला फोन लावतो, तिथेही मधली मापंच संपलेली असतात कारण सगळ्या महाराष्ट्रातून तोच फोन येत असतो. कारखान्याला नवीन काढा म्हणावं तर तो म्हणतो कमीत कमी इतके नग घ्या, आणि त्याने मशिनं दुसऱ्या कामाला लावलेली असतात. समजा काढलेच तर माझ्याकडे पोचेपर्यंत ऑगस्ट. ऑगस्टमध्ये मी १२ नग विकू शकतो, तो देणार शंभर. उरलेले ८८ कुठे ठेवू?

ठेवले तर काय होतं तेही लिहितो, कारण बऱ्याच जणांना वाटतं पुढच्या वर्षी विकायचे, त्यात काय. पीव्हीसीचा रेनकोट घडी करून पॅकिंगमध्ये तसाच मार्च ते मे आमच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये राहिला की घडीवर चिकटतो. उलगडताना चर्रर्र आवाज येतो आणि छापलेलं चित्र समोरच्या थरावर उतरतं. दुसरा प्रकार आतून पातळ थर दिलेल्या कापडाचा, त्याचा थर दमट हवेत सुटायला लागतो, पांढरी सालं निघतात, शिवणीची टेप उचकटते. बाहेरून कोट नवाकोरा आणि पहिल्या पावसात खांदे ओले. असा माल मी गिऱ्हाइकाला द्यायचा का? गाव लहान आहे, रोज तोंडं बघायची असतात.

आणि जागा. माझ्या दर्शनी भागात मोजून चार रॅक. श्रावण लागला की तिथे सणाचा माल लागलाच पाहिजे. गणपती, नवरात्र, दिवाळी यावर आमचं वर्ष उभं असतं. ऑगस्टमध्ये एक रॅक रेनकोटला दिला तर त्यावर दिवसाला एखादा नग जाणार, तिथेच कुर्ता पायजमा लावला तर दिवसाला दहा. भाडं, लाइट, दोन पोरांचा पगार त्या दहातून निघतो.

टोरांटोची_मावशी

मला वाटायचं हे फक्त आमच्या इकडचं दुखणं आहे! इथे कॅनडात तर पराकोटीचं आहे हो. फेब्रुवारी, बाहेर उणे १५, रस्त्याकडेला बर्फाचे ढीग, आणि दुकानात शिरलं की पोहण्याचे कपडे, सँडल, फुलाफुलांचे फ्रॉक. लहान मुलाचे स्नो बूट त्या महिन्यात शोधणं म्हणजे शिक्षा आहे. मुलांचे पाय हिवाळ्याच्या मध्यातच वाढतात, त्यांना कॅलेंडर कळत नाही. इथे बर्फाचे बूट आणि जाड कोट ऑगस्टअखेरीला, सप्टेंबरात लागतात, तेव्हा आपण अजून टी-शर्टवर असतो.

आणि यात सगळ्यात जास्त हाल होतात ते नवीन येणाऱ्यांचे. जानेवारीच्या सत्राला भारतातून मुलं येतात. पुण्याहून आणलेलं जॅकेट पुण्यापुरतंच असतं. विमानतळावरून बाहेर पडल्यावर पहिल्यांदा कळतं थंडी काय चीज आहे, मग दुकानात धावतात तर कोटांच्या रॅकवर उरलेले एकतर फार महाग, नाहीतर तिघं मावतील असे मोठे. ज्याला सगळ्यात जास्त गरज त्याला सगळ्यात वाईट निवड. आमच्याकडे ओळखीतली मंडळी वापरलेले चांगले कोट धुऊन, टॅग लावून अशा मुलांसाठी ठेवतात, त्यावर कित्येकांचा पहिला हिवाळा निघतो.

ज्यांची मुलं पुढच्या जानेवारीत इकडे येणार आहेत त्यांना कळकळीने सांगते, कोटासाठी थोडे पैसे बाजूला ठेवा आणि आल्या आल्या पहिल्या दोन दिवसांत घ्या. महिनाअखेरपर्यंत थांबू नका.

निशिगंध७

मावशी, पण एवढ्या बर्फात पोहण्याचे कपडे घेतं कोण?

टोरांटोची_मावशी

घेतात ना. मार्चमध्ये शाळांना आठवड्याची सुट्टी असते, मार्च ब्रेक म्हणतात, तेव्हा ज्यांना परवडतं ते मेक्सिको, क्युबा, फ्लोरिडा. आणि ते पूर्ण किमतीला घेतात कारण सुट्टी ठरलेली असते, थांबायला वेळ नसतो.

लॅबडिप

आता मी लिहिते. मी बंगळूरला एका एक्स्पोर्ट हाऊसमध्ये बरीच वर्षं मर्चंडायझर होते, म्हणजे बायर आणि कारखाना यांच्यामध्ये राहून ऑर्डर सांभाळणारी, अमेरिकेच्या आणि युरोपच्या बायर्सचं काम. मावशींच्या दुकानात ऑगस्टमध्ये जो हुडी लटकतो तो आमच्या टेबलावर आदल्या वर्षीच्या थंडीत असतो.

कसं चालतं बघा. न्यूयॉर्क, लंडन, मिलान, पॅरिस इथले मोठे फॅशन शो फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात आणि त्यात दाखवतात येणाऱ्या थंडीचे कपडे. सप्टेंबर-ऑक्टोबरचे शो असतात पुढच्या उन्हाळ्याचे. म्हणजे सहा महिने पुढे असणं ही त्या धंद्याची मूळ चालच आहे. साध्या, रोजच्या कपड्यांचं काम तर त्याच्याही आधी सुरू होतं.

ऑर्डर पक्की झाली की आमचा टीएनए बनतो, म्हणजे कोणतं काम कोणत्या तारखेला संपलं पाहिजे याचा तक्ता. सूत बुक करायचं, कापड विणायचं, रंगाचा नमुना म्हणजे लॅब डिप बायरला पाठवायचा. तो म्हणणार जरा लालसर आहे. परत करा. परत पाठवला, आता म्हणणार जरा पिवळट. तीन-तीनदा होतं हे आणि प्रत्येक वेळी कुरिअरचे दिवस जातात. मग बेत बघायला फिट सॅम्पल, मग सगळ्या मापांचा साइज सेट, मग पीपी सॅम्पल म्हणजे उत्पादनाआधीचा शेवटचा नमुना, तो मंजूर झाल्याशिवाय कात्री लावायची नाही. दरम्यान चेन, बटणं, लेबलं यायची असतात, त्यातलं चीनमधून येणार असेल आणि मध्ये त्यांचं नवीन वर्ष आलं तर तिकडचे कारखाने बंद. मग कटिंग, शिलाई, वॉश, तपासणी, पॅकिंग, कंटेनर. जहाजाने महिना धरायचा. आणि २०२३ च्या शेवटाला तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हापासून कित्येक जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, त्यात दहा-पंधरा दिवस आणखी. तिकडे पोचल्यावर गोदाम, तिथून दुकान.

एवढ्या साखळीत कुणीही बाहेरचं हवामान बघून निर्णय घेऊच शकत नाही. फेब्रुवारीत टोरांटोत बूट संपले हे दिसलं तरी ते भरून काढणारी ऑर्डर पोचेल तेव्हा तिकडे लोक हाफ पँटवर असतील.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. तिकडच्या बऱ्याचशा दुकान साखळ्यांचं आर्थिक वर्ष जानेवारीच्या शेवटाला संपतं. वर्ष बंद करताना शिल्लक माल कमीत कमी दिसला पाहिजे, म्हणून ख्रिसमस झाला की थंडीचा माल किमती पाडून काढतात. त्यामुळे जानेवारीत सेल आणि फेब्रुवारीत रिकामे रॅक. थंडी किती शिल्लक आहे याचा त्या तारखेशी संबंधच नाही.

पेठकर

लॅबडिप, माहिती जबरदस्त आहे पण माझा मुद्दा अजून तसाच आहे. झारा वगैरे लोक तीन-चार आठवड्यांत नवीन माल आणतात म्हणतात ना? म्हणजे जमतं. मग बाकीच्यांना करायचं नाहीये असंच म्हणावं लागेल.

लॅबडिप

जमतं, पण किंमत मोजून. झाराची मूळ कंपनी इंडिटेक्स स्पेनच्या गॅलिसियातली. त्यांनी मालाचा बराच भाग जवळपासच ठेवला, स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को, तुर्कस्तान. शिलाई महाग पडते पण ट्रकने माल थोड्या दिवसांत पोचतो, आणि सीझन सुरू असताना काय खपतंय ते बघून पुढचं शिवता येतं. फॅशनच्या टॉपला, ड्रेसला हे परवडतं. त्यांचेसुद्धा साधे टी-शर्ट वगैरे लांबच्या देशांतून, आधी ऑर्डर देऊनच येतात. मुलांच्या रेनकोटला कोण एवढा खर्च करणार.

बेनेटनने फार पूर्वी वेगळी युक्ती केली होती, मला ती फार आवडते. स्वेटर बिनरंगाच्या लोकरीचेच विणून ठेवायचे आणि कुठला रंग चालतोय ते कळलं की मग तयार स्वेटर रंगवायचे. विणायला वेळ लागतो, रंगवायला कमी. म्हणजे जो निर्णय चुकण्याची जास्त शक्यता तो शेवटपर्यंत लांबवायचा.

आणि अमेरिकेत ॲस्पेनला स्पोर्ट ओबरमायर म्हणून स्कीच्या कपड्यांची कंपनी आहे, तिचं उदाहरण मॅनेजमेंटच्या वर्गात शिकवतात. १९९० च्या दशकातली गोष्ट. मार्चमध्ये लास व्हेगासला प्रदर्शन भरायचं, तिथे दुकानदार पुढच्या थंडीच्या ऑर्डरी द्यायचे, पण तोपर्यंत थांबलं तर शिवायला वेळ पुरत नाही, म्हणून निम्मा माल अंदाजाने आधीच लावावा लागायचा. त्यांनी काय केलं, आपल्याच माणसांच्या समितीला एकत्र बसून एक आकडा काढायला लावण्याऐवजी प्रत्येकाला वेगळा अंदाज लिहायला सांगितला. ज्या जॅकेटवर सगळ्यांचे आकडे जवळजवळ आले ते आधी शिवायला टाकलं, ज्यावर आकडे लांब लांब पांगले ते प्रदर्शनातल्या ऑर्डरी बघेपर्यंत थांबवलं. साधी गोष्ट आहे पण त्याने उरणारा आणि कमी पडणारा, दोन्ही माल कमी झाला. पेठकर, माझा मुद्दा एवढाच की लवकर आणणं ही बदमाशी नाही, पण ते आहे तसंच चालू राहिलं पाहिजे असंही नाही, डोकं लावलं तर फरक पडतो.

वऱ्हाडी_पोर

नागपूरचं सांगतो. आमच्याकडं थंडी खरी पडते, पण स्वेटरचा बाजार बघा कसा चालते. लुधियानात लोकरीचे कपडे विणणं उन्हाळ्यातच जोरात असते, मोठे व्यापारी एप्रिल-मेमध्ये जाऊन सॅम्पल बघून बुकिंग करून येतात, ४५ डिग्रीत घाम पुसत स्वेटर निवडतात लोक. माझा मामा गांधीबागेच्या कापड बाजारात होता त्याच्यासोबत एकदा गेलो होतो.

पण तिबेटी लोकांचा जो स्वेटर बाजार लागते ना दिवाळीच्या आगेमागे, त्याची गोष्ट निराळी आहे. ते माल घेतात लुधियानातूनच, बहुतेक उधारीवर, सप्टेंबर-ऑक्टोबरात. मग देशभर पांगतात, नागपूर, पुणे, नाशिक, कोल्हापूर, मोकळ्या मैदानात नाहीतर फुटपाथला रांगेनं दुकानं. थंडी संपली की गाशा गुंडाळून हिशेब चुकता करतात. पिढ्यांपासून ही उधारी तोंडी शब्दावर चाललीय. आमच्या गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडजवळ त्यांची वसाहत आहे, तिथले लोक ओळखीचे आहेत. त्यांच्याकडं जानेवारीतही मधलं माप मिळते, कारण वर्षभराचं भाडं नाही, पुढच्या सीझनचा माल लावायचा नाही, जे आहे ते शेवटपर्यंत स्वेटरच. पक्क्या दुकानाला ते शक्य नाही.

मात्र थंडी पडली नाही तर त्यांच्यासारखं मरण कोणाचंच नाही. मोठं दुकान साड्यांवर तरून जाते, हे लोक कशावर तरतील.

आईसाहेब_कोथरूड

अजून एक बाजू. जुलैमध्ये पुण्यात थर्मल आणि लोकरीचे मोजे घेणारी मी एकटी नव्हते, रांग होती. मुलं ऑगस्टमध्ये जर्मनीला, अमेरिकेला जातात. दिवाळीत लोक काश्मीर, हिमाचल करतात त्यांची खरेदी सप्टेंबरात. त्यामुळे मुंबईत जिथे स्वेटर घालायची वेळच येत नाही तिथेही जॅकेटं दिसतात, ती मुंबईच्या थंडीसाठी नसतातच मुळी. मृगधाराला काचेत दिसलेली जॅकेटं त्यातलीच असणार.

कापडवाला_सांगलीचा

आईसाहेब, बरोबर. शिवाय साखळी दुकानांचं खरेदी खातं एकाच ठिकाणी बसतं, दिल्ली-लखनौसाठी जो माल घेतला त्याचा वाटा सगळ्या शाखांना जातो, नाशिकला किती थंडी हे बघून वेगळं फारसं होत नाही.

आणि आधी माल भरण्यात जोखीम काय असते त्याची दोन उदाहरणं. २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा आमच्याकडे लग्नसराईचा माल भरलेला. शेरवानी, शालू, मुलांचे सूट. एप्रिल-मेची सगळी लग्नं पुढे गेली नाहीतर दहा माणसांत झाली. रेनकोटचा ॲडव्हान्स गेलेला आणि जूनमध्ये शाळाच उघडल्या नाहीत. तो माल संपवण्यात आमची दोन वर्षं गेली, आणि आमच्या पेठेतल्या दोघांनी दुकानं बंद केली, अजून त्या शटरकडे बघवत नाही. दुसरं २०२५ चं. २२ सप्टेंबरपासून जीएसटी बदलला, २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांना ५ टक्के झाला हे गिऱ्हाइकासाठी उत्तमच, पण त्यावरच्या कपड्याला १२ चे १८ टक्के. जाड जॅकेटं नेमकी त्याच किमतीची आणि ती दुकानात येऊन पडलेली, किंमत छापून. रातोरात नवीन हिशेब करावे लागले. बाहेरून वाटतं दुकानदार आधी माल लावून कमावतो, पण महिनोन्महिने पैसा अडकवून तो बसलेला असतो हे कुणाला दिसत नाही.

सोलापूरकर_सुई

गणवेशाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने भरपूर. जूनच्या शाळेसाठी आमची मशिनं जानेवारीपासून धडधडतात, मार्चअखेर गठ्ठे तयार. २०२० ला काय झालं असेल ते कापडवाल्यांनी सांगितलंच, आमचे गठ्ठे तसेच राहिले आणि घरोघरी काजं-बटणं करणाऱ्या बायकांचं काम सगळ्यात आधी गेलं.

पण उशिरा आलं तर काय होतं तेही आपण बघितलंय. २०२४-२५ ला सरकारी शाळांसाठी राज्यभर एकाच प्रकारचा गणवेश, कापड मध्यवर्ती खरेदी करून बचत गटांकडून शिवून घ्यायचं असं ठरलं. कित्येक शाळांत शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी गणवेश पोचले नाहीत. पुढच्या वर्षापासून ते काम परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. शिवणारणींचा दोष नव्हता, कापड हातात आल्याशिवाय त्या काय शिवणार. लाखो मुलांची मापं, कापड, कटिंग, शिलाई, वाटप यांना जो वेळ लागतो तो लागतोच, तो आदल्या वर्षाच्या थंडीतच सुरू व्हावा लागतो. १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला जुन्या, आखूड झालेल्या कपड्यात उभी असलेली पोरं बघितली की पोटात तुटतं.

रानवाट

सगळं वाचलं. आता मला जे वाटतं ते लिहितो, थोडं तीव्र वाटेल पण मनापासून आहे.

ही जी व्यवस्था आहे ती ज्याच्याकडे मेमध्ये पैसे आहेत त्याच्यासाठी आहे. शेतमजूर, रोजंदारीवाला, ऊसतोडीहून परत आलेलं कुटुंब, यांना मे महिना म्हणजे सगळ्यात ओढग्रस्तीचा. बी-बियाणं, खत, शाळेच्या वह्या सगळं एकदम अंगावर येतं. रेनकोट घ्यायचा तर पाऊस अंगावर आल्यावर, हातात दोन हजेऱ्यांचे पैसे आल्यावर. आणि तेव्हा मापाचा माल संपलेला असतो. म्हणजे आधी घेऊ शकणाऱ्याला निवड आणि उशिरा घेणाऱ्याला उरलंसुरलं. टोरांटोच्या मावशींनी त्या नवीन मुलांबद्दल लिहिलं ते वाचून हेच डोक्यात आलं.

पण आमच्या आठवडी बाजारात उलटं असतं हेही सांगायला हवं. तिथला विक्रेता दर आठवड्याला रोखीने थोडासा माल उचलतो, एका गाठोड्यात मावेल एवढा. त्यामुळे पाऊस आहे तोवर त्याच्याकडे पावसाचं सामान असतं, प्लॅस्टिकची खोळ, ताडपत्रीचे तुकडे, मुलांचे साधे कोट. थंडी सुरू झाली की पुढच्या बाजारी कानटोप्या आणि चादरी. त्याच्या मालाला गोडाऊन नाही, ॲडव्हान्स नाही, सेल नाही. माल हलक्या प्रतीचा असतो हे मान्य, टिकतो एखादं वर्ष. तरी पण गरजेच्या दिवशी मिळतो. मोठ्या दुकानांची गणितं मला पटली, कापडवाले दादांचा पैसा कसा अडकतो तेही कळलं, पण मुलांच्या मधल्या मापांचे दहा-वीस कोट ऑगस्टपर्यंत आत राखून ठेवणं एवढंही अवघड नसावं. ते विकले जाणारच आहेत.

कापडवाला_सांगलीचा

रानवाट, तुमचं म्हणणं लागलं मनाला. खरं सांगतो, राखून ठेवलं तर जातात हे मलाही दिसतं. अडचण अशी की जूनमध्ये समोर गिऱ्हाईक उभं असताना आत माल आहे आणि नाही म्हणायचं, ते जीवावर येतं, आणि तोही कुणाचा तरी मुलगाच असतो. पण बुकिंग करतानाच मुलांचे दोन सेट जास्त घेऊन जुलैनंतरच फोडायचे असं करता येईल. लॅबडिप ताईंनी त्या ॲस्पेनवाल्यांचं लिहिलंय ना, तसं, ज्या मापाबद्दल खात्री आहे तेच जास्त घ्यायचं. सगळ्या सेटमध्ये नको, फक्त मधली मापं द्या असं एजंटला म्हणून बघतो फेब्रुवारीत. ऐकेल की नाही बघू, दोन-तीन दुकानदार मिळून मागितलं तर ऐकेल.

लॅबडिप

दादा, नक्की मागा. कारखान्याला सेट फोडायला त्रास होतो तो पॅकिंगमध्ये, शिलाईत नाही. पाच-सहा दुकानांची मिळून एक पेटी एकाच मापाची दिली तर त्याचंही काम हलकंच होतं.

पेठकर

रानवाट यांनी माझं म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं मांडलं. मुद्दाम करतात हा शब्द मी मागे घेतो, बाकी म्हणणं तेच.

मृगधारा

इतक्या जणांनी एवढा वेळ काढून लिहिलंत, फार बरं वाटलं. आता व्यवहाराचं विचारते. सप्टेंबरच्या सेलमध्ये पुढच्या वर्षीचा, एक माप मोठा घेऊन ठेवला तर चालेल का? कापडवाले दादांनी चिकटण्याचं लिहिलंय त्यामुळे भीती वाटतेय.

कापडवाला_सांगलीचा

घ्या ताई, फक्त बघून घ्या. दुकानातच पूर्ण उलगडा, आतून शिवणीवरची टेप नखाने जरा उचलून बघा, निघाली तर सोडून द्या. चेन दोनदा खालीवर करा. कापडी प्रकारचा घ्या, निव्वळ पीव्हीसीचा वर्षभर ठेवायला घेऊ नका. घरी आणला की पॅकिंगची पिशवी काढून टाका आणि घडी न करता कपाटात हँगरला टांगा, खिडकीशी नको. टांगायला जागा नसेल तर आतून थोडी टाल्कम पावडर भुरभुरवून सैलसर गुंडाळी करा, वर दुसरं काही ठेवू नका. मार्चमध्ये एकदा काढून सावलीत वारा द्या.

माप एकच मोठं घ्या, दोन नको. दप्तरावरून घालायचा असेल तर पाठीला जादा घेर असलेला मिळतो तो बघा, त्यात दप्तरही कोरडं राहतं.